ड वर्गाचे कागद

सरकारी कचेरीत कागदांनाही वर्ग असतात. अ वर्गाचा कागद कायमचा ठेवायचा, ब वर्गाचा तीस वर्षं, क वर्गाचा दहा वर्षं. ड वर्गाचा कागद वर्षभर ठेवायचा आणि मग मोडीत काढायचा. कचेरीला हे करावंच लागतं, नाहीतर कागदच खुर्चीवर बसतील आणि साहेब व्हरांड्यात येतील. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार अशी आहे, की हीच वर्गवारी आपण खेड्यातल्या माणसांनी आपापल्या घरात आणली. खरेदीखत, सातबारा, वाटणीपत्र हे अ वर्गात. ते ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, कुलपाची किल्ली म्हातारीच्या कमरेला. बाकी सगळं ड वर्गात. दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं, की ड वर्ग बंबात. पाणी तापतं, आंघोळी होतात, आणि घराची शंभर वर्षं धुराड्यातून वर जातात.

आता हा ड वर्ग म्हणजे काय, ते एकदा नीट बघू. गावच्या जत्रेचं हँडबिल. कुस्त्यांच्या फडाचं हँडबिल, त्यावर इनामाचे आकडे आणि पैलवानांची नावं. तमाशाची जाहिरात, गुलाबी कागदावर. लग्नपत्रिका, ज्यात आमंत्रकांची यादी वधूवरांपेक्षा मोठी. मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरीची खालची चिठ्ठी, तिच्यावर दोन ओळींचा मजकूर. कोणी वारल्याचं कोपरा फाडलेलं कार्ड. विकास सोसायटीचं पासबुक. दूध डेअरीचं कार्ड. जुनं रेशनकार्ड. भजनी मंडळाची वही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकमेकांवर काढलेली पत्रकं. वैद्यानं लिहून दिलेल्या औषधाची चिठ्ठी. आणि या सगळ्यांत मोठी, आहेराची वही.

आहेराच्या वहीबद्दल थोडं सांगतो, कारण ज्यांनी ती कधी उघडली नाही त्यांना ती नुसती देण्याघेण्याची यादी वाटते. आमच्या घरात अशा वह्या होत्या, चुलत्यांच्या लग्नापासूनच्या. कुणी चार आणे लावले, कुणी रुपया, कुणी पातळ, कुणी तांब्या, कुणी दोन पायल्या जोंधळे. नावापुढं गाव. एवढ्यावरून काय काय कळतं बघा. आमच्या सोयरिकी किती कोसांत होत्या ते कळतं. पायी किंवा बैलगाडीनं दिवसभरात जाऊन परत येता येईल एवढ्यातच बहुतेक गावं. कोणत्या साली माणसांकडं पैसा होता आणि कोणत्या साली नव्हता ते कळतं. दुष्काळाच्या पाठच्या साली आहेर कसे आटतात ते त्या वहीत दिसतं. गावातल्या कोणत्या घराशी आपलं वाकडं आलं आणि कधी सरळ झालं, तेही कळतं. कारण नाव गायब होतं आणि दहा वर्षांनी परत येतं. कुंभाराचं, लोहाराचं, मांगाचं नाव वहीच्या शेवटी वेगळ्या पानावर लिहिलेलं असतं, तेही कळतं. आणि ते वेगळं पान कोणत्या साली बंद झालं, की झालंच नाही, हे बघायचं धाडस असेल तर तेही कळतं. असा इतिहास कुठल्या बखरीत आहे?

लोक म्हणतात, असल्या कागदांचा उपयोग काय? मी उपयोगाचंच बोलतो. भावनेचं नंतर.

आमच्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातली निम्मी पिढी मुंबईच्या गिरण्यांत गेली. घराआड एक माणूस लालबाग-परळला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ती माणसं हळूहळू गावाकडं आली. कुणी रोगानं आली, कुणी नुसतीच आली. पुढं कितीतरी वर्षांनी गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरलं, अर्ज निघाले, आणि विचारणा झाली की वडील गिरणीत होते याचा पुरावा आणा. तिकीट आणा, गेटपास आणा, फंडाची चिठ्ठी आणा, ई.एस.आय.चं कार्ड आणा. मग घराघरांत फडताळं उपसली गेली. ज्या बाईनं नवऱ्याचं लाल पुठ्ठ्याचं कार्ड पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं, तिच्या हातात काहीतरी होतं. ज्या घरानं ते बंबात घातलं होतं, त्या घरात बापाच्या तीस वर्षांच्या घामाचा पुरावा एकही नव्हता. त्या माणसानं साच्यावर उभं राहून कान घालवले, आणि कागदाच्या लेखी तो मुंबईला गेलाच नव्हता.

दुसरं उदाहरण तर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. तेव्हा तहसीलच्या माळ्यावरची गाठोडी खाली आली. कोतवाल बुक, गाव नमुना चौदा, शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर, मराठवाड्याकडं निजामाच्या वेळचे कागद. जी पानं पन्नास वर्षं कुणी उलटली नव्हती त्यांच्यावरची धूळ रात्रीतून झटकली गेली. आणि मग लक्षात आलं, की ही अर्धी पानं मोडीत आहेत आणि मोडी वाचणारा माणूस तालुक्यात नाही. बैल गेला अन् झोपा केला, अशी ही गत. आरक्षण कुणाला मिळावं, कुणाला नाही, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर भांडायला बरीच माणसं आहेत. मी एवढंच म्हणतो, की ज्या कागदावर लाखो पोरांच्या शिक्षणाची मदार येऊन पडली, तो कागद कालपर्यंत उंदराच्या बाळंतपणाला वापरात होता. आणि त्याला जबाबदार म्हणून एकाही माणसाची मान खाली गेली नाही.

आता भावनेचं. पण मी त्याला भावना म्हणत नाही, हिशोब म्हणतो.

१९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्यांत माझी आई होती. पाझर तलावावर माती वाहायची आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. लाल मिलो खायचा, पोरांना सुकडी. आईचं नाव घरातल्या एकाही कागदावर नव्हतं. जमीन वडिलांच्या नावावर, त्याआधी आज्याच्या. बाईचं नाव सातबाऱ्यावर आलंच तर 'भ्र.' लावून, म्हणजे अमक्याची बायको म्हणून, आणि तेही नवरा मेल्यावर. माझ्या आईचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते त्या कामाच्या हजेरीवर. मुकादमानं लिहिलेलं, समोर तिचा अंगठा. तिच्या आयुष्यात तिच्या स्वतःच्या कष्टापुढं तिचं स्वतःचं नाव एकदाच लिहिलं गेलं. ते हजेरीपट कधीच मोडीत निघाले. ड वर्ग.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. त्यांत गावागावांचे झाडे आहेत, ताळेबंद आहेत. माझ्या गावानं पेशवाईत किती सारा भरला, कोणत्या साली पीक बुडालं म्हणून सूट मागितली, हे तिथं कदाचित मिळेल. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माझ्या खापरपणज्याचा दुष्काळ सापडेल, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या माझ्या आईचा दुष्काळ सापडणार नाही. याला आपण प्रगती म्हणतो.

इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव घेतल्याशिवाय या विषयात पुढं जाता येत नाही. हा माणूस दफ्तरांसाठी गावोगाव हिंडला. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. त्यांच्या मागं धुळ्याला त्यांच्या नावाचं मंडळ झालं. आज आपण मराठ्यांचा इतिहास म्हणून जे छाती फुगवून सांगतो, त्यातला मोठा वाटा या एका माणसाच्या पायपिटीचा आहे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांच्यानंतर जे झालं त्याबद्दल मला बोलायचं आहे. राजवाड्यांची चिकाटी कुणी उचलली नाही, नुसता नाद उचलला. कागद म्हणजे सनद, कागद म्हणजे लढाई, कागद म्हणजे राजाचा शिक्का, असं लोकांच्या डोक्यात बसलं. गावात कुणी इतिहासवाला आला की पहिला प्रश्न, "महाराजांचं पत्र आहे का?" नाही म्हटलं की चहा पिऊन गडी गाडीवर. फडताळातल्या बाकीच्या कागदांकडं ढुंकूनही बघत नाही. आणि त्याचं बघून आपण पण शिकलो. ज्या घरात सनद नाही त्या घरात इतिहास नाही, असं आपणच मानायला लागलो.

अहो, सनद होती कुणाकडं? पाटलाकडं, देशमुखाकडं, कुळकर्ण्याकडं, मठाकडं. गावातल्या शंभरांतल्या चार घरांकडं. बाकीच्या शहाण्णव घरांनी काय दीडशे वर्षं नुसता श्वास घेतला? त्यांचा इतिहास पासबुकात आहे, सावकाराच्या चिठ्ठीत आहे, पोस्टकार्डात आहे, तमाशाच्या जाहिरातीत आहे. ती जाहिरात जाळली की त्या शहाण्णव घरांचा इतिहास जळाला, आणि उरला तो पुन्हा चार घरांचा.

जाळपोळीचं म्हणाल तर आमच्या साताऱ्याच्या मुलखानं ती दोनदा बघितली. प्रतिसरकारच्या वेळी काही गावच्या चावड्यांची दफ्तरं पेटवली गेली. इंग्रजाचा कारभार मोडायचा तर त्याचे कागद जाळायचे, हे त्या वेळचं शहाणपण. त्या माणसांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पुढं १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर कुळकर्ण्यांची घरं जळाली. पिढ्यान् पिढ्या गावाचं दफ्तर त्यांच्याच माडीवर. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, तसं राग एका घरावर होता आणि राख सगळ्या गावाची झाली. कुणाची वतनवारी, कुणाच्या बांधाची हद्द, कुणाच्या आज्याची जन्मसाल, सगळं त्यात. पण ती रागाची आग होती, एका रात्रीची. आज आपण जे करतो ती आळसाची आग आहे, आणि ती दर दिवाळीला पेटते.

आता दुसऱ्या बाजूकडं वळतो. कागद जपा म्हणणाऱ्यांनीही गावाचं काही कमी नुकसान केलेलं नाही.

चाळीसएक वर्षांपूर्वी आमच्या घरी एक गृहस्थ आले होते. शहरातले, शिकलेले, बोलायला गोड. चुलत्यांनी माळ्यावरचं मोडी कागदांचं गाठोडं दाखवलं. गृहस्थ म्हणाले, "वाचून महिन्याभरात परत आणून देतो." आमचे आण्णा म्हणाले, "न्या की. आमाला तरी काय त्यातलं वाचता येतंय." पावती नाही, यादी नाही, काही नाही. शबनममध्ये गाठोडं गेलं ते गेलं. पत्र टाकली, उत्तर नाही. असं एकट्या आमच्या घरी घडलेलं नाही. पंचक्रोशीतल्या पाच-सहा घरांत हीच गोष्ट माणसं सांगतात, फक्त शबनमचा रंग वेगळा. या लोकांना मी आयत्या बिळावरचे नागोबा म्हणतो. पिढ्यांनी जपलं, आणि नाव यांचं. वर आम्हालाच सांगणार, की खेड्यातल्या लोकांना कागदाची किंमत नाही. किंमत नव्हती तर शंभर वर्षं गाठोडं राहिलं कसं?

आणि रीतीनं नेलेल्या कागदांचं तरी काय होतं? साताऱ्याचंच बघा. दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी मोठ्या कष्टानं कागद, चित्रं, दुर्मिळ वस्तू जमवल्या, साताऱ्याला त्यांचं संग्रहालय झालं. १९३९ साली तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथं तो नीट राहिला, अभ्यासकांना मिळाला, हे मान्य. पण साताऱ्याच्या पोराला साताऱ्याचे कागद बघायला पुण्याची एस.टी. धरावी लागते, हेही खरं. याच्या उलट औंधाचं उदाहरण आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली औंधाला, म्हणजे एका लहानशा गावाला, संग्रहालय बांधलं आणि ते तिथंच राहिलं. आज सहलीला आलेली खेड्यातली पोरं ते बघतात. राजाला जे कळलं ते लोकशाहीला कळू नये?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कागद सुरक्षित जागी गेला पाहिजे, पण गावातून नाहीसा झाला नाही पाहिजे. अस्सल पुण्या-मुंबईला, कोल्हापूरला, जिथं सोय आहे तिथं जाऊ दे. त्याची नक्कल गावात राहिली पाहिजे. आणि देताना पावती घेतलीच पाहिजे. आपण म्हशीच्या बाजारात दहा रुपयांची पावती फाडतो आणि आज्याचे कागद बिनपावतीचे देतो, हे बंद करा.

आता तुम्ही विचाराल, लोक कागद दाखवायला तयार होतील का? होत नाहीत, आणि त्याची कारणं मला माहीत आहेत. पहिलं कारण जमिनीचं. कुणाचं तरी नाव निघेल, कूळ लागेल, भावकी कोर्टात जाईल. या भीतीपोटी माणसं जुना कागद नुसता लपवत नाहीत, जाळतात. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे, की बाबांनो, कुळकायद्याचा १ एप्रिल १९५७ चा दिवस होऊन गेला. जे नाव लागायचं ते फेरफाराला लागलेलं आहे, आणि फेरफार तलाठ्याकडं, तहसीलला आहे. घरातला कागद जाळून सरकारातला कागद जळत नाही. जळते ती फक्त तुमची बाजू. उद्या वाद झालाच तर समोरच्याकडं सरकारी नक्कल असेल आणि तुमच्याकडं राख.

दुसरं कारण लाजेचं. सावकाराचं देणं, बापानं गहाण टाकलेली जमीन, नांदायला न गेलेली आत्या, तिची पत्रं. घरातलं बाहेर जाऊ नये वाटतं. हे वाटणं खोटं नाही. पण त्याला उपाय आहे. चांगल्या दफ्तरखान्यात कागद देताना अट घालता येते, की हे गाठोडं अमुक वर्षं उघडू नये. तीस वर्षं म्हणा, पन्नास म्हणा. तोवर ज्यांना लाज वाटायची ती माणसं नसतील. आणि तुमच्या नातीला, पणतीला त्या आत्याची लाज वाटणार नाही. अभिमान वाटेल. त्या काळात नाही म्हणणारी बाई होती आपल्या घरात, असं ती सांगेल.

तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही, पण तेच सगळ्यांत खोल आहे. जुने कागद उघडले की गाव कसं होतं ते उघडं पडतं. बलुतं कुणाला किती मिळायचं, वेठ कुणाला पडायची, विहिरीचा पंचनामा का झाला. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं, जमिनी रयतावा झाल्या. पण त्या जमिनी त्यांच्याच हातात राहिल्या की कुणाच्या घशात गेल्या, हे त्या कागदांत आहे. ते बघायची गावाची तयारी नसते. मी म्हणतो, बघितलं पाहिजे. 'आमचं गाव पहिल्यापासून गुण्यागोविंदानं नांदत आलं' असं स्मरणिकेत छापायचं आणि पुराव्याचा कागद बंबात घालायचा, याला इतिहास म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. आणि ज्यांच्यावर ती वेठ पडली त्यांच्या घरातले कागद तर आधी जपले पाहिजेत. धर्मांतराच्या सभेचं पत्रक, वस्तीतल्या पहिल्या शिकलेल्या पोराचा दाखला, जयंतीच्या वर्गणीची पावती. चार घरांच्या सनदेइतकाच त्याला मान पाहिजे.

जपायचं म्हणजे काय, यातही आपला आनंदीआनंद आहे. काही माणसं जागी होतात आणि पहिलं काम करतात ते कागदाला लॅमिनेशन. तापलेल्या प्लॅस्टिकमध्ये एकदा कागद चिकटला की तो परत सुटत नाही, आत पिवळा पडत जातो, आणि त्यावर काही उपाय उरत नाही. फाटलेल्याला चिकटपट्टी लावतात. पाच-सात वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरं खातो. टाचण्या गंजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. आपल्या वाडवडिलांची रीत बरी होती. स्वच्छ सुती कापडाचा रुमाल, त्यात कागद, वर फळी, जमिनीपासून आणि भिंतीपासून लांब, वरचेवर उघडून वाऱ्याला ठेवायचे. हातकागद आणि काजळीची शाई असल्यानं ते कागद दोनशे वर्षांनीही टणक आहेत. उलट १९५०-६० सालचा गिरणीचा कागद हातात घेतला की पापडासारखा मोडतो. म्हणजे ज्याला आपण अलीकडचा म्हणून सोडून देतो तोच आधी जाणार आहे. निवडायचंच झालं तर आधी तो वाचवा. आणि फोटोच्या मागं हलक्या हातानं पेन्सिलीनं नावं लिहा. नाव नसलेला फोटो म्हणजे बेवारस प्रेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून आजच लिहा, तेराव्यानंतर विचारायला कोण असतंय?

आजच्या कागदांची तर त्याहून वाईट गत. एस.टी.च्या यंत्रातून निघणारं गुळगुळीत तिकीट खिशात वर्षभरात कोरं होतं. लग्नपत्रिका मोबाईलवर येते, जत्रेचं हँडबिल मोबाईलवर, मयताची बातमी मोबाईलवर. मोबाईल पाण्यात पडला की जत्रा पण गेली आणि मयत पण गेलं. माझ्या आज्याचं पोस्टकार्ड मी वाचू शकतो. माझा मुलगा पुण्याहून मला काय म्हणाला होता, हे माझा नातू कुठं वाचणार आहे? मोबाईलला मी शिव्या देत नाही. उलट त्याच्याइतकं स्वस्त नक्कल काढायचं यंत्र आजवर शेतकऱ्याच्या हातात आलं नव्हतं. उजेडात कागद सपाट ठेवायचा, सावली न पडू देता फोटो काढायचा, कुणाचा, कुठला, कोणत्या सालचा ते नावात लिहायचं, आणि दोन-तीन ठिकाणी ठेवायचा. एवढं दहावीतल्या पोराला येतं. मी स्वतः दहावीच शिकलो, अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली त्या १९७५ सालच्या पहिल्या तुकडीत, आणि मलाही ते जमलं.

आता शेवटचं. हे सगळं करायचं कुणी आणि कुठं? लोक लगेच म्हणतात, सरकारनं करावं. सरकारचं पुराभिलेख खातं आहे, ते त्याच्या परीनं करतं. पण ते सरकारी कागद सांभाळायला आहे. तुमच्या आहेराच्या वहीसाठी ते तुमच्या दारात येणार नाही. जागा आपल्याकडंच आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगाव सार्वजनिक वाचनालयं झाली. त्यांनाही सरकारनं वर्ग दिलेत, अ, ब, क, ड. खेड्यातली बहुतेक ड वर्गात. एक खोली, दोन कपाटं, एक पेपर आणि तुटपुंज्या पगारावरचा ग्रंथपाल. ड वर्गाच्या माणसांचे ड वर्गाचे कागद ठेवायला ड वर्गाचं वाचनालय. यापेक्षा शोभणारी जागा कुठली?

तिथं एक लोखंडी कपाट ठेवा. गावाचं कपाट म्हणा. एक जाड वही ठेवा. कागद कुणी दिला, कधी दिला, कशाचा आहे, मूळ आहे का नक्कल, कोणत्या अटीवर दिला, हे त्यात लिहा. दोन पावत्या फाडा, एक घराला, एक वाचनालयाला. फार नाजूक आणि फार जुना असेल तो लेखी करार करून मोठ्या संस्थेत ठेवा आणि नक्कल इथं लावा. शाळेतल्या दोन पोरांना मोडी शिकायला पाठवा. मोडी काही जादूटोणा नाही. रोज तासभर बसलं तर काही महिन्यांत अक्षर लागतं, पुढं सरावानं हात बसतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आपल्या वाडवडिलांच्या हातची नावं पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली आहेत, आणि दक्षिणेकडं हेळवी घराण्यांची वंशावळ सांगत दारोदार फिरतो. एका घराला, एका माणसाला जे जमतं ते एका गावाला जमत नाही, हे मी मानायला तयार नाही.

खर्चाचं विचाराल तर लोखंडी कपाटाला जत्रेतल्या एका रात्रीच्या डी.जे.एवढे पैसे पुरतात. दरवर्षी गावोगाव कमानी उभ्या राहतात, पुतळ्यांच्या वर्गण्या होतात, 'इतिहास विसरू नका' असे फलक लागतात. फलकाच्या बरोबर मागच्या घरात त्याच वेळी बंब पेटलेला असतो. इतिहास विसरू नका म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या माळ्यावर चढावं, गाठोडं खाली घ्यावं, आणि त्यात काय आहे ते उन्हाला न ठेवता सावलीत पसरून बघावं. त्यात महाराजांचं पत्र निघणार नाही. तुमच्या आज्याची सही निघेल, आजीचा अंगठा निघेल. माझ्या मते तेवढ्यासाठी एक कपाट घ्यायला हरकत नाही.